मूठ आणि झुबका: दाढीच्या जुन्या ब्रशाविषयी काही गैरसमज

नेरूळच्या आमच्या घरी न्हाणीघरातल्या आरशाखाली, काचेच्या फळीवर, गर्द तपकिरी मुठीचा एक दाढीचा ब्रश उभा असतो. तो माझ्या आजोबांचा. गिरगावातल्या चाळीतून वाशीला आणि वाशीहून नेरूळला असे आमचे बिऱ्हाड दोनदा हलले, त्या घालमेलीत तांब्याचा बंब गेला, शिसवी पाट गेले, आजोबांचा वस्तराही कोठेसा गहाळ झाला. परंतु जुन्या ट्रंकेच्या तळाशी, पिवळ्या पडलेल्या पंचाच्या घडीत गुंडाळलेला हा ब्रश मात्र टिकून राहिला. मी तो पुन्हा वापरात आणला, ही वार्ता पसरल्यापासून आमच्या वसाहतीतले स्नेही आपापल्या घरचे जुने ब्रश घेऊन येतात, त्यांची कैफियत मांडतात, आणि त्यांवर परस्पर जे उपचार होऊन चुकलेले असतात ते ऐकून माझ्या मनाला खरोखर यातना होतात. कारण वस्तू काळाने जेवढी बिघडलेली असते, त्याहून अधिक ती सद्धेतूने केलेल्या उपचारांनी बिघडलेली असते.

या साऱ्या गैरसमजांच्या मुळाशी एकच समजूत आहे, आणि ती ही की ब्रश ही एक वस्तू आहे. वस्तुतः त्या दोन वस्तू आहेत. मूठ ही एक आणि तिच्या खोबणीत चिकटवून बसविलेला केसांचा झुबका ही दुसरी. दोहोंचे द्रव्य निराळे, आयुर्मान निराळे आणि शत्रूही निराळे. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली म्हणून आपल्या आज्यांनी पातेले कधी मोडीत घातले नाही; कल्हईवाल्याची हाळी ऐकू येताच त्या भांडी घेऊन दाराशी जात, आणि नव्या कल्हईचे पातेले ‘नवे’ झाले असे कोणी म्हणत नसे. ब्रशाच्या बाबतीत मूठ हे पातेले आहे आणि झुबका ही कल्हई. म्हणून ‘केस गळू लागले, आता ब्रश संपला’ हा निर्णय, जो बहुतेक घरांत क्षणार्धात दिला जातो, तो बहुधा चुकीचा असतो. नव्या ब्रशाचे पहिल्या काही आठवड्यांत थोडे केस गळतात, ती तक्रारीची बाब नव्हे. जुन्या ब्रशाचे केस मधूनच तुटत असतील तर केस जीर्ण झाले असे समजावे. आणि अख्खा झुबका खोबणीत हलत असेल तर केवळ आतला चिकटा सुटला आहे, केसांचा त्यात काही अपराध नाही. या तीन अवस्थांची शहानिशा केल्यावाचून कोणत्याही उपायाला हात घालू नये.

आता ज्या गैरसमजात केवळ वस्तूचे नव्हे तर माणसाचेही अहित होऊ शकते, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला कर्तव्य वाटते. ‘जुना ब्रश डेटॉलमध्ये किंवा स्पिरिटमध्ये रात्रभर बुडवून ठेवला की निर्धोक झाला’ असे मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. ब्रश १९६० किंवा १९७० सालातला असेल तर त्याला एवढ्या सोपस्काराची आवश्यकताच नसते. आणि तो १९३० पूर्वीचा असेल तर एवढ्याने भागत नाही. याचे कारण इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी बॅजर नावाच्या प्राण्याचे केस रशियातून येत, जर्मनीत त्यांचे शुद्धीकरण होई आणि मग ते ब्रश करणाऱ्यांच्या हाती पडत. युद्धाने तो मार्ग बंद केला. तेव्हा चीन व जपानकडून आलेले घोड्याचे केस रंगवून बॅजरसारखे भासवण्यात आले, आणि त्यांतले पुष्कळसे पुरेशा शुद्धीकरणावाचूनच बाजारात उतरले. परिणामी ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिकांच्या व नागरिकांच्या चेहऱ्यावर व मानेवर काळपुळी उठू लागली. वैद्यकात जिला अँथ्रॅक्स म्हणतात आणि गुरांना झाली असता आपला शेतकरी जिला फाशी या नावाने ओळखतो, तीच ही काळपुळी. दाढी करताना त्वचेवर ज्या सूक्ष्म जखमा होतात, त्यांतून रोगाचा प्रवेश होई. अखेर १९२० साली ब्रिटनने जपानी बनावटीच्या दाढीच्या ब्रशांच्या आयातीला मनाई केली. त्या काळच्या पुष्कळ ब्रशांच्या मुठीवर ‘स्टरिलाइज्ड’ अशी इंग्रजी अक्षरे कोरलेली आढळतात ती याच भीतीची निशाणी होय. माझ्या आजोबांच्या ब्रशावरही ती आहेत. पुष्कळांना ती शोभेची वाटतात, काहींना ती आजच्या वापराचा परवाना वाटतात. ती दोन्ही नव्हेत. तो त्या काळच्या कारखानदाराने दिलेला दाखला आहे, आणि त्याची आज रुजवात करण्याचे साधन आपल्यापाशी नाही.

अँथ्रॅक्सचे जंतू प्रतिकूल स्थितीत बीजाणूचे रूप धारण करतात, आणि हे बीजाणू दशकानुदशके टिकून राहतात. घरगुती जंतुनाशके व स्पिरिट यांना ते दाद देत नाहीत. त्यांचा खात्रीचा नाश १२१ अंश सेल्सिअसच्या, दाबाखालच्या वाफेने होतो. घरच्या प्रेशर कुकरमध्ये उष्णता जवळपास तेवढीच पोचते म्हणून एका स्नेह्यांनी तो प्रयोग करण्याची तजवीज चालविली होती, ती मी आग्रहाने थांबवली, कारण त्या वाफेत केस, चिकटा आणि मूठ यांपैकी काहीच धड उरले नसते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या नियतकालिकात २०१७ साली या जुन्या प्रकरणांचा परामर्श घेणारा लेख प्रसिद्ध झाला. अशा ब्रशांपासूनचा धोका अत्यल्प असला तरी तो शून्य मानू नये, असा त्याचा एकंदर आशय आहे. तेव्हा माझे मत स्पष्ट आहे: १९३० पूर्वीच्या, किंवा ज्याच्या वयाची खातरजमा होत नाही अशा ब्रशाचे केस गालाला लावूच नयेत. मूठ ठेवावी, केस काढून टाकावेत. काढतानाही ते कोरडे झटकू नयेत. साबणाच्या पाण्याने ओले करून, हातमोजे व मुखपट्टी घालून कापावेत आणि पिशवीत बंद करून टाकावेत.

वय ठरविण्याची एक सोपी खूण आहे. निखळलेला एखादा केस चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यावा. प्राण्याचा केस असेल तर तो करपून जळक्या केसांचा ओळखीचा दर्प सुटतो, नायलॉनचा असेल तर वितळून त्याचा टणक मणी होतो. नायलॉनचे धागे बाजारात प्रथम आले ते १९३८ साली, दातांच्या ब्रशाच्या रूपाने. तेव्हा मणी झाला तर निदान केस तरी त्यानंतरचे आहेत, असे निर्धास्तपणे समजावे.

मुठीकडे वळू. ‘उकळत्या पाण्याने सगळे स्वच्छ होते’ हा आपल्या स्वयंपाकघरातला अनुभव ब्रशाला लागू करणे ही मोठी चूक आहे, आणि ती मी स्वतः केलेली आहे. चोरबाजारात, मटन स्ट्रीटवरच्या एका फुटकळ सामानाच्या ढिगातून, हस्तिदंती रंगाच्या मुठीचा एक देखणा ब्रश मी आणला होता. तो कढत पाण्यात रात्रभर ठेवला, आणि सकाळी त्या मुठीला तळापासून गळ्यापर्यंत तडा गेलेला पाहिला. ती मूठ केसिनची होती. दुधातल्या प्रथिनापासून केलेले हे जुने प्लास्टिक दिसायला हस्तिदंतासारखे असते, पण पाणी पिऊन फुगते आणि वाळताना फुटते. ती चुटपूट मला अद्यापि आहे. म्हणून मुठीचे द्रव्य आधी ओळखावे. कोमट पाण्याखाली क्षणभर धरून अंगठ्याने रगडले असता बेकेलाइटला कार्बोलिकचा वास येतो, सेल्युलॉइडला कापराचा, आणि केसिनला ओल्या लोकरीसारखा किंवा नासलेल्या दुधासारखा. तापलेली सुई टोचून परीक्षा करण्याची जी पद्धत सांगतात ती सर्वथा वर्ज्य मानावी. सेल्युलॉइड भडकन पेट घेते. मूठ खरोखरीच हस्तिदंताची निघाली तर प्रश्न रसायनाचा न राहता कायद्याचा होतो: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१ साली झालेल्या दुरुस्त्यांनी अनुक्रमे भारतीय व आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार बंद झालेला आहे, आणि वडिलोपार्जित वस्तू असली तरी ती विकण्याची मुभा नाही.

काच-कागदाने घासून मूठ ‘नव्यासारखी’ करण्याचा मोहही आवरावा. साच्यात दाबून केलेल्या बेकेलाइटमध्ये लाकडाचा भुसा मिसळलेला असतो आणि त्यावर राळेची जी पातळ, गुळगुळीत त्वचा असते तीच त्याचे पाण्यापासून रक्षण करते. ती घासून गेली की खालचा भुसा उघडा पडतो आणि मूठ कायमची निस्तेज होते. मऊ फडक्यावर धातूच्या पॉलिशचा थेंबभर लेप पुरे. पितळी मुठीला चिंच किंवा पितांबरी चालेल, परंतु तिच्यावर निकेलचा मुलामा असेल तर नाही. मुलामा एकदा गेला की घरी परत आणता येत नाही.

ज्या ब्रशाचे केस अलीकडचे आणि शाबूत आहेत, परंतु मळाने राठ झालेले आहेत, त्याचे काम सोपे आहे. तो राठपणा बहुधा केसांचा नसून पाण्यातल्या चुन्याशी साबणाचा संयोग होऊन बसलेल्या थराचा असतो. मोरबे धरणाचे पाणी ज्या घरांत येते तेथे हा थर मंद गतीने चढतो. कूपनलिकेच्या किंवा टँकरच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या इमारतींत तो लवकर दिसतो. हाताला सहज सोसेल एवढ्या कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून केस धुवावेत, मग एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दहा भाग पाणी यांत केवळ केसांची टोके पाच मिनिटे बुडवावीत, मूठ नव्हे, आणि स्वच्छ पाण्याने पुनःपुन्हा खंगाळावे. येथे आपल्याकडचा एक खास गैरसमज नोंदवला पाहिजे: डोक्याच्या केसांप्रमाणे ब्रशाच्या केसांनाही खोबरेल तेल लावले की ते मऊ होतात, असे घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी मला प्रेमाने सांगितले आहे. तेल हा फेसाचा वैरी आहे. तेल पाजलेल्या ब्रशाने कितीही घोटले तरी साबणाला फेस धरत नाही, आणि मग दोष बिचाऱ्या साबणाला दिला जातो.

बॅजर उच्च आणि डुकराच्या केसांचा ब्रश हलका, हीही एक रूढ समजूत आहे. बॅजरचा केस टोकाकडे निमुळता होत जातो म्हणून तो पहिल्या दिवसापासून मऊ लागतो. डुकराचा केस पाणी पितो, म्हणून दाढीपूर्वी पाच मिनिटे भिजवावा लागतो. वापराने त्याची टोके दुभंगत जातात आणि काही महिन्यांनी तो मऊपणात बॅजरच्या जवळ येतो, ताठपणा मात्र राखतो. कानपूर हे या केसांच्या व्यापाराचे जुने ठाणे. धर्माच्या किंवा दयेच्या विचाराने ज्यांना प्राण्याचे केस नकोत, त्यांना आजचे कृत्रिम धाग्यांचे झुबके निःशंकपणे घेता येतील. मी आजोबांच्या मुठीत तसाच एक झुबका बसविला आहे.

नवा झुबका बसविणे हे कारागिराचेच काम आहे असे मानण्याचे कारण नाही. त्याला धीर लागतो, हत्यारे थोडी लागतात. कापलेल्या केसांचा जो बुंधा खोबणीत उरतो तो राळ, रबर किंवा लाख यांत घट्ट बसलेला असतो. तो हातड्रिलने मधोमध पोखरून, कडेने चाकूच्या टोकाने खरवडून काढावा. विजेचे ड्रिल वेगाने तापते आणि जुन्या मुठीला तडा देते, म्हणून ते नको. मग खोबणीचा व्यास आणि खोली मोजावी. झुबके २०, २२, २४, २६ मिलिमीटर अशा व्यासांनी मिळतात. खोबणीपेक्षा किंचित लहान घ्यावा. केस मुठीबाहेर सुमारे ५० मिलिमीटर राहिले तर ब्रश लवचीक व तरीही पाठीचा कणा असलेला होतो. अधिक बाहेर राहिले तर तो लुळा पडतो. खोबण खोल असेल तर तळाशी लाकडाची चकती घालावी. साधे पांढरे फेविकॉल येथे निरुपयोगी आहे, कारण रोजच्या ओलाव्यात ते सुटत जाते. अॅरल्डाइटसारखा दोन नळ्यांचा इपॉक्सी चिकटा वापरावा, तो खोबणीच्या भिंतींना लावावा, केसांपर्यंत चढू देऊ नये, आणि चोवीस तासांची मुदत पुरी होईपर्यंत ब्रशाला पाण्याचा स्पर्श होऊ देऊ नये.

राहता राहिला तो टांगण्याचा वाद. केस खाली करून टांगला नाही तर पाणी बुंध्यात उतरून ब्रश कुजतो, असे छातीठोकपणे सांगतात. दाट झुबक्यात उरलेले पाणी केशाकर्षणाने केसांमध्येच धरून राहते. ब्रश उभा असो की उलटा, ते वाळते ते हवेने. नीट झटकला, पंचावर टिपला आणि वाऱ्यावर ठेवला की कसाही ठेवा. आमच्या नवी मुंबईत, जुलैत हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते तेव्हा, बंद डबी किंवा न्हाणीघराचे कपाट यांत ठेवलेल्या ब्रशावर चार दिवसांत बुरशी धरते. म्हणून आषाढ लागला की आजोबांचा ब्रश आरशाखालची फळी सोडून दिवाणखान्यात येतो, आणि पंख्याखालच्या शेल्फावर, वर्तमानपत्राच्या घडीवर, दसऱ्यापर्यंत तेथेच राहतो.