अंगकाठीचे नियम लिहितो कोण?

जिम्नॅस्टिक्स म्हटले की डोळ्यांपुढे उभी राहते ती चणीने लहान, हडकुळी, चौदा-पंधरा वर्षांची पोर. या खेळाला असेच शरीर लागते, ते निसर्गानेच ठरवले आहे, असे जाणकार म्हणवणारेही सांगतात. 'निसर्गानेच ठरवले' हे शब्द कानी पडले की आम्ही सावध होतो. याच शब्दांनी आमच्या पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवल्या. वकिलीने आम्हाला एक सवय लावली आहे : आधी नियमांचे पुस्तक उघडून पाहावे.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये हंगेरीच्या अ‍ॅग्नेस केलेटीने ४ सुवर्णपदके मिळवली, तेव्हा ती ३५ वर्षांची होती. सोव्हिएत संघाची लॅरिसा लॅटिनिना १९५८ ची जागतिक स्पर्धा गर्भवती असताना जिंकली. या पोरी नव्हत्या, पूर्ण वाढलेल्या स्त्रिया होत्या. मग १९७२ मध्ये म्युनिकला १७ वर्षांची, किरकोळ अंगाची ओल्गा कोर्बुट दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचली. १९७६ मध्ये मॉन्ट्रियलला १४ वर्षांच्या नादिया कोमानेचीला पूर्ण १० गुण मिळाले. खेळ अफाट लोकप्रिय झाला. त्या मुलींचे कर्तृत्व थोरच. पण प्रशिक्षकांनी आणि पंचांनी बालशरीर हेच सौंदर्याचे माप करून टाकले. वाढणे हाच मुलीचा गुन्हा ठरला.

त्याची किंमत कोणी मोजली? अमेरिकेच्या क्रिस्टी हेन्रिचला १९८८ मध्ये एका पंचाने वजन कमी कर, असे सुनावले. तिने अन्न तोडले. २६ जुलै १९९४ रोजी, वयाच्या २२ व्या वर्षी ती गेली. हा निसर्ग नव्हे, मित्रहो, ही माणसांनी केलेली सक्ती होय.

पुढे नियम बदलले. १९९७ पासून मोठ्या स्पर्धांसाठी किमान वय १६ झाले. २००६ मध्ये '१०' चे शिखर काढून काठिण्याचे आणि सफाईचे गुण वेगळे मोजले जाऊ लागले. आता खेळाची शोभा गेली, लोकप्रियता जाणार, अशी ओरड झाली. प्रत्यक्षात काय झाले? दणकट मांड्या-खांद्यांची कृष्णवर्णीय सिमोन बाइल्स या खेळाचा चेहरा बनली. २०१३ मध्ये ती जगज्जेती झाली तेव्हा, पुढच्या वेळी आपणही कातडी काळी रंगवून यावे, असा टोमणा एका युरोपीय स्पर्धक मुलीने मारला होता. २०२४ मध्ये पॅरिसला तीच बाइल्स २७ व्या वर्षी सर्वंकष विजेती ठरली. १९५२ नंतर इतक्या वयाची विजेती झाली नव्हती.

आपल्याकडेही दाखला आहे. आगरतळ्याच्या दीपा कर्माकरचे तळपाय सपाट. असे पाय या खेळाला अडसर मानले जातात. २०१६ मध्ये रिओला तिचे कांस्यपदक अवघ्या ०.१५ गुणाने हुकले. २०२४ मध्ये, ३० व्या वर्षी, ती आशियाई सुवर्ण घेऊन आली.

शरीर तेच होते. माप बदलले आणि 'अपात्र' पात्र झाले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जी मनुस्मृती जाळली गेली, तीही माणसांनीच लिहिलेली आणि निसर्गाच्या, देवाच्या नावावर खपवलेली नियमावली होती. माणसाने लिहिलेले माणसाला खोडता येते, हाच महाडचा धडा.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. वस्तीतल्या मुलीला 'काळी', 'जाडी', 'घोडी झाली, आता कसला खेळ' असे हिणवणारी जीभ आधी आपल्या घरात आवरा. आणि जयंती मंडळांनी पुढच्या वर्षी डीजेचा थोडा खर्च वाचवून विहाराच्या सभागृहात उड्या मारायला एक जाड गादी अंथरावी. तिच्यावर कोणत्या अंगाची मुलगी उडी मारील, ते मुलींनाच ठरवू द्या.