आजोबा, तुम्ही सस्तन आहात का?

मागच्या व्याख्यानानंतर एका बालवाडीच्या ताईंनी विचारलं होतं, "चार-पाच वर्षांच्या मुलांना सस्तन प्राणी कसे समजावून सांगायचे?" तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा प्रश्न कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण व्याख्या कशी करायची, हे तर आमचंच काम.

आधी एक कबुली देतो. माझी नात पाच वर्षांची असताना आम्ही कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. तिथे 'सस्तन' हा शब्द तिच्या कानावर पडला आणि तिनं मोठ्यानं विचारलं, "सस्तन म्हणजे काय?" आजूबाजूला माणसं होती. मी म्हणालो, "जे अंडी न घालता पिल्लांना जन्म देतात ते." शब्दातच 'स्तन' आहे, पण तो चारचौघांत उच्चारायला मी लाजलो. पुढे सापांपाशी कुणीतरी सांगत होतं की, घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लंच घालते. नात लगेच म्हणाली, "मग घोणस सस्तन!"

आता बघा, तीसेक वर्षं मी 'तर्कसंग्रह' शिकवला. अन्नंभट्टाचं हे सतराव्या शतकातलं पुस्तक. त्यावरच्या 'दीपिका' टीकेत गाईच्या व्याख्येचं उदाहरण आहे. 'शिंगं असलेली ती गाय' म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'तांबूस ती गाय' म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. 'एकसंध खुराची ती गाय' म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. गळ्याखाली लोंबणारी कातडी, म्हणजे सास्ना, हे गाईचं खरं लक्षण. माझ्या व्याख्येतली अतिव्याप्ती पाच वर्षांच्या मुलीनं एका मिनिटात पकडली होती.

म्हणून ताईंना माझं पहिलं सांगणं असं, की व्याख्या आधी देऊ नका. मुलांनाच करू द्या, आणि मोडूही द्या. 'चार पायांचे ते सस्तन' असं एखादं मूल म्हणेल. मग पाल? बेडूक? 'उडतो तो पक्षी' म्हणेल. मग वटवाघूळ? त्याला पिसं नाहीत, अंगावर केस आहेत, आणि मादी पिल्लाला दूध पाजते. मुलांना स्वतःच्या हातावरची लव बघायला सांगा, मग मांजरीच्या पाठीवरून हात फिरवू द्या. पिल्लं तिला लुचताना दिसली तर गप्प उभं राहून बघू द्या. शब्द त्यानंतर सांगा.

मोठमोठी माणसंही इथे चुकली आहेत. देवमासा हवेत श्वास घेतो आणि पिल्लांना दूध पाजतो, हे ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलं होतं. तरी लिनियसनं आधी त्याला माशांतच घातलं होतं. १७५८ साली त्यानं 'चतुष्पाद' हे वर्गाचं जुनं नाव टाकून स्तनांवरून नवं नाव दिलं, आणि देवमासा आपल्यात आला. आपल्या मराठीत मात्र तो अजून नावानं मासाच आहे! २०२३च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं एक पिल्लू अडकलं. लोकांनी खूप धडपड करून त्याला समुद्रात नेलं, तरी ते वाचलं नाही. बहुतेक माशांची पिल्लं अंड्यातून बाहेर पडली की आपापली जगतात. देवमाशाच्या पिल्लाला मात्र कित्येक महिने आई लागते, आईचं दूध लागतं. हे मुलांना सांगा, त्यांना कळतं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी नातीला नीट सांगितलं: स्तन म्हणजे काय, दूध कुठून येतं, तिच्या आईनं तिला कसं पाजलं. ती अजिबात लाजली नाही. उलट विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठे दूध पाजता? मग तुम्ही सस्तन आहात का?" घ्या, आता अव्याप्ती!

मी म्हणालो, "मी पाजत नाही, पण ज्यांच्यात आया अंगावरचं दूध पाजून पिल्लं वाढवतात, त्या कुळातला मी." बाटलीच्या दुधावर वाढलेलं मूलही याच कुळातलं, हे ताईंनी वर्गात आवर्जून सांगावं. एखाद्या मुलाला उगाच आपण वेगळे आहोत असं वाटायला नको. ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस तर अंडी घालतो, मादीला स्तनाग्रंही नसतात, दूध कातडीतून पाझरतं. तरी तोही आपल्यातलाच.

जाता जाता घरचा अभ्यास. तुमच्या गॅलरीतली कबुतरं, नर आणि मादी दोघंही, गळ्याच्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं काहीतरी पिल्लांना भरवतात. मग कबूतर सस्तन का नाही? उत्तर लगेच सांगू नका. पीस आणि केस शेजारी शेजारी ठेवा, हे 'दूध' कुठून येतं ते विचारा, आणि मुलं काय म्हणतात ते ऐका.

आता तुमचे प्रश्न घेऊ.