रंगावर जाऊ नका : समुद्री गोगलगायी ओळखायच्या कशा?

रायपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आणि आजचा विषय समुद्री गोगलगायींचा! पण फौजेत विमान ओळखायला शिकवतात तो नियम इथेही चालतो: आधी आकार पाहा, रंग नंतर. रंग कोणीही फासू शकतो.

या गोगलगायींना शंख नसतो. रंगीत जातींपैकी बऱ्याच जणी स्पंज खातात आणि त्यातलं विष अंगाच्या कडेला ग्रंथींत साठवतात. भडक रंग हा माशांना इशारा. एका किनाऱ्यावरच्या अनेक जाती एकच रंग धरतात, कारण माशाला एकदा धडा मिळाला की सगळ्याच वाचतात. हा जणू सामायिक गणवेश. त्यात २०१८ सालच्या जनुकीय अभ्यासात दिसलं, की क्रोमोडोरिस गटात एकाच जातीचे रंगही वेगवेगळे असू शकतात.

म्हणून क्रमाने पाहा.

१. पाठीवर मागे कल्ल्यांचा तुरा किंवा बोटांसारखी झालर आहे का? रंगीत चपटकृमी हुबेहूब दिसतो, पण त्याला तुरा नसतो आणि अंग कागदासारखं पातळ असतं.

२. डोक्यावरची दोन शिंगं: टोकाचा रंग कोणता, बुडाचा कोणता?

३. कडेचे पट्टे: बाहेरून आत मोजा. किती, कोणत्या क्रमाने?

तिसरी खूण आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. १९४६ साली विंकवर्थ यांनी मुंबईच्या किनाऱ्यावरच्या जातींचं वर्णन छापलं. एकीला नाव दिलं 'बॉम्बेयाना', दुसरीला 'ट्रायमार्जिनाटा', म्हणजे तीन कडांची. तेव्हा दोघी ग्लोसोडोरिस गटात होत्या. आज त्या गोनिओब्रँकस गटात धरतात. जुनं पुस्तक चाळताना हे लक्षात ठेवा.

एवढी कटकट कशाला? हजेरीपटावर दोन जवान एकाच नावाने मांडले, तर त्यातला एक बेपत्ता झालेला कळणार कसा? मुंबईचा खडकाळ किनारा भराव आणि रस्त्यांखाली आक्रसतो आहे. नोंद चुकली, तर एखादी जात गुपचूप जाईल आणि कागदावर सगळं ठीकच दिसेल.

तेव्हा ओहोटीला गेलात तर तीन फोटो घ्या: वरून, शिंगांचा आणि मागच्या तुऱ्याचा. शेजारी नाणं ठेवा, म्हणजे आकार कळेल. हात लावू नका; डिवचली की ती तुरा आत ओढते आणि मोठी खूणच हातची जाते. तारीख आणि जागा लिहायला मात्र विसरू नका.