गोल्फच्या वेजचें आयुष्य

परंड्याच्या किल्ल्यांत आजहि जुन्या तोफा पडून आहेत. याच किल्ल्यावर एके काळीं असलेली मुलूख-मैदान तोफ १५४९ सालीं अहमदनगर येथें ओतली गेली व १६३२ सालीं परंड्याहून विजापुरास नेण्यांत आली. तिला ओतल्यास पावणेपांचशें वर्षें उलटून गेलीं, तरी ती विजापुरच्या बुरुजावर अद्याप कायम आहे. उलट, त्याच परंड्याच्या शिवारांत उडदाच्या पिकांतील तण काढणाऱ्या बाईच्या हातचें खुरपें कांहीं हंगामांतच झिजून निम्मे होतें. दोन्ही वस्तु धातूच्याच. मग एक शतकानुशतकें टिकावी आणि दुसरी डोळ्यांदेखत झिजावी, हें कां? उत्तर सोपें आहे. तोफ क्वचित् उडाली. खुरपें रोज मातींत चाललें. हत्याराचें वय वर्षांनीं मोजावयाचें नसतें, तें त्यानें केलेल्या कामानें मोजावयाचें असतें.

हाच नियम गोल्फ या खेळांतील एका काठीला तंतोतंत लागू पडतो. या काठीस वेज असें म्हणतात. ती किती दिवसांनीं बदलावी, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु त्याच्या मुळाशीं घर्षणाचें शास्त्र आहे, पैशाचा हिशेब आहे आणि कधीं कधीं एखाद्या होतकरू मुलाचा आत्मविश्वासहि आहे.

परंड्याकडील श्रोत्यांस हा खेळ फारसा पाहावयास मिळत नाहीं, म्हणून त्याची थोडी ओळख आवश्यक आहे. विस्तीर्ण हिरवळीवर एक लहानसा, कठीण चेंडू काठीनें टोलवीत न्यावयाचा आणि दूरवरच्या एका लहान खळग्यांत कमींत कमी टोल्यांनीं घालावयाचा, एवढेंच या खेळाचें सार. खळग्याभोंवतीं अगदीं बारीक कापलेल्या गवताचा जो तुकडा असतो त्यास ग्रीन म्हणतात, आणि वाटेंत मुद्दाम केलेल्या वाळूच्या खड्ड्यांस बंकर म्हणतात. सर्वसाधारणपणें १८ खळगे पुरे केले म्हणजे एक फेरी होते. हा खेळ हिंदुस्थानांत फार पूर्वीं आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा आहे; मुंबईस चेंबूर येथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालीं निघाला.

खेळाडूस आपल्या पिशवींत जास्तींत जास्त १४ काठ्या ठेवण्याची मुभा असते. दूर फेंकण्याच्या काठ्या निराळ्या आणि ग्रीनवर चेंडू हळूच ढकलण्याची काठी निराळी. वेज ही मधल्या कामाची काठी होय. तिचें लोखंडी तोंड बरेंच मागें कललेलें असतें. हा कल साधारणतः ४५ अंशांपासून ६० अंशांपर्यंत असतो. त्यामुळें चेंडू लांब न जातां उंच उडतो आणि खळग्याच्या जवळपास उतरतो. वाळूंतून चेंडू काढण्यासाठीं जो वेज वापरतात त्याला आजचें रूप देण्याचें श्रेय जीन सॅराझन या अमेरिकन खेळाडूस देतात. त्यांनीं काठीच्या तळाशीं धातूचा जादा थर चढवून तिला वाळूंत रुतूं न देण्याची युक्ति काढली आणि १९३२ सालीं तीच काठी घेऊन ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली.

आतां मुख्य गोष्ट. चेंडू नुसता ग्रीनवर पडून भागत नाहीं. तो तेथें थांबलाहि पाहिजे. उंचावरून पडलेला चेंडू पुढें घरंगळत जाऊं नये म्हणून त्यास उलटी गिरकी द्यावी लागते. ही गिरकी कशी मिळते? टोला बसतांच चेंडू क्षणभर काठीच्या तिरप्या तोंडावर दाबला जातो. तेथें घर्षण चांगलें असेल तर काठीचें तोंड चेंडूस पकडतें व तो मागल्या बाजूस फिरूं लागतो. घर्षण कमी असेल तर तो तोंडावरून निसटतो, अधिक उंच उडतो, कमी फिरतो आणि खालीं पडल्यावर पुढें पळत सुटतो.

या पकडीसाठीं वेजच्या तोंडावर आडव्या बारीक खांचा पाडलेल्या असतात. त्यांचें काम बैलगाडीच्या वाटेवरील चाकोरीसारखें नसून शेतांतील चरासारखें आहे. पावसाचें पाणी चरांतून निघून जावें व वाफा मोकळा राहावा, तसें गवताचा रस, दंवाचे थेंब आणि मातीचे कण खांचांत शिरून काठीचें तोंड चेंडूस मोकळें मिळावें, हा त्यांचा हेतु. म्हणूनच कोरड्या व स्वच्छ जागेवरून मारतांना खांचांचें महत्त्व तितकेंसें जाणवत नाहीं. ओल्या किंवा उंच गवतांतून मारतांना मात्र त्यांचेंच राज्य असतें. या खांचांची खोली नियमाप्रमाणें ०.५०८ मिलिमीटरहून अधिक असतां कामा नये, म्हणजे ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच राहते. त्यांच्या कडा किती तीक्ष्ण असाव्या यावरहि २०१० सालापासून नवें बंधन आलें आहे. इतक्या सूक्ष्म वस्तूवर जेथें सारें अवलंबून, तेथें थोडीशी झीजहि मोठी ठरते, हें उघड आहे.

झीज होते ती मुख्यतः वाळूनें. वाळूचे कण बहुधा गारेचे असतात आणि गार ही साध्या पोलादाहून कठीण. वेज तर पुष्कळदां मऊ पोलादाचा करतात. बंकरमधील प्रत्येक टोला म्हणजे काठीच्या तोंडावर कानस फिरविण्यासारखेंच होय. सामन्यांत असे टोले थोडे पडतात; पण सराव करणारा मनुष्य एका बैठकींत पन्नास-साठ टोले सहज मारतो. म्हणून अधिक कलाचे, वाळूंतले वेज आधीं झिजतात आणि कमी कलाचा वेज त्यांच्या मागून झिजतो. तिन्ही काठ्या एकदम बदलण्याचें कारण सहसा नसतें.

तर मग वेज बदलावा केव्हां? कांहीं उत्पादक सुमारें ७५ फेऱ्यांचा आंकडा सांगतात, कांहीं त्याहून अधिक, १०० ते १२५ फेऱ्यांपर्यंत जातात. येथें विकणारा आणि सल्ला देणारा एकच आहे, हें ग्राहकानें विसरूं नये. तथापि आंकडा अगदींच निराधार नाहीं. त्याचा हिशेब करून पाहावा. आठवड्यांतून एकदां खेळणाऱ्याच्या वर्षाला ५२ फेऱ्या होतात. ७५ फेऱ्यांस त्यास सुमारें दीड वर्ष लागेल. आठवड्यांतून तीनदां खेळणाऱ्यास तीच मजल सहा महिन्यांतच गांठतां येईल. महिन्यांतून एकदां खेळणाऱ्यास मात्र सहा वर्षांहून अधिक काळ लागेल. तेव्हां “दर दोन वर्षांनीं बदला” असा सरसकट नियम करणें म्हणजे तोफेला आणि खुरप्याला एकच माप लावणें होय. शिवाय फेऱ्यांबरोबर सरावहि मोजला पाहिजे. बंकरमध्यें रोज घाम गाळणाऱ्याची काठी फेऱ्यांच्या हिशेबापूर्वींच थकते.

आंकड्यापेक्षां परीक्षा बरी. पहिली परीक्षा नखाची. काठी स्वच्छ धुवून पुसावी आणि तोंडाच्या मधोमध खांचांवरून नख आडवें फिरवावें. कड शाबूत असेल तर नख अडतें. घसरून गेलें तर ती बोथट झाली असें समजावें. तोंडाच्या टोंकाकडील खांचांवर टोले क्वचित् बसतात, म्हणून त्या जवळजवळ नव्याच राहतात. त्यांच्याशीं मधल्या खांचा ताडून पाहिल्यास फरक लागलाच कळतो. दुसरी परीक्षा जमिनीवरची. त्याच कलाचा नवा वेज कोणाकडून तासभर मागून घ्यावा, एकाच जातीचे चेंडू घ्यावे, चाळीस-पन्नास यार्डांवरून दोन्ही काठ्यांनीं दहा दहा टोले मारावे, आणि चेंडू पडल्यापासून किती पुढें गेला तें पावलांनीं मोजावें. नंतर तेंच गवत ओलें असतांना करावें. जुन्या काठीचा चेंडू दरवेळीं पांच-सहा पावलें पुढें पळत असेल तर निकाल लागला. फरक दिसत नसेल तर पैसे खिशांतच राहूं द्यावे.

खुरपें बोथट झालें तर लोहार त्याला धार लावून, पाणी देऊन पुन्हां कामास लावतो. वेजच्या बाबतींत ही सोय जपूनच घ्यावी लागते. खांचा कोरण्याचीं लहान हत्यारें बाजारांत मिळतात. परंतु त्यांनीं खांच मर्यादेपेक्षां खोल, रुंद वा तीक्ष्ण झाली तर काठी नियमबाह्य ठरते. नैसर्गिक वापरानें झिजलेली काठी मात्र नियमांत बसते. म्हणून उत्तम उपाय म्हणजे झीज लांबविणें: दर टोल्यानंतर खांचांतील माती लांकडी काडीनें किंवा ब्रशानें काढावी, काठी कोरडी पुसून ठेवावी, आणि वाळूंतील सरावासाठीं जुना वेज व सामन्यासाठीं नवा, अशी विभागणी करावी.

नवशिक्यानें आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. ज्याचा टोला अद्याप दरवेळीं निराळ्या जागीं बसतो त्यास नव्या खांचांचा लाभ फारसा होत नाहीं. त्यानें तो पैसा शिक्षणांत किंवा मऊ आवरणाच्या चांगल्या चेंडूंत घालावा.

परंतु याच्या उलट बाजूहि आहे. १९९१ सालीं इंडियन ओपन स्पर्धा जिंकणारे अली शेर हे दिल्लीच्या मैदानावर खेळाडूंच्या पिशव्या वाहणारे कॅडी होते. पुण्यास जन्मलेले अनिर्बन लाहिरी व पुण्याचेच उदयन माने हे २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें भारतातर्फे खेळले. त्यांच्याकडे पाहून या खेळाकडे वळणाऱ्या मुलांपैकीं सर्वांच्याच घरीं पैसा नसतो. अशा मुलाच्या हातीं येतो तो कोणीतरी टाकून दिलेला वेज. तोंड गुळगुळीत झालेल्या त्या काठीनें चेंडू थांबत नाहीं आणि मुलगा समजतो कीं आपलाच हात वाईट. तो नसलेली चूक सुधारूं लागतो व असलेला चांगला टोलाहि बिघडवून बसतो. त्यास शिकविणाऱ्यानें दोष देण्यापूर्वीं एकदां त्या काठीच्या तोंडावरून नख फिरवून पाहावें. खुरपणीला बसलेल्या बाईचा वेग मंदावला तर जाणता शेतकरी आधीं तिचें खुरपें हातीं घेऊन पाहतो. मग बोलावयाचें तें बोलतो.