दुखण्याची नोंद कुठल्या पानावर?

‘पॅलिएटिव्हला दाखवून घ्या’ असं केसपेपरवर लिहून आलं, की नातेवाइकांचे चेहरे उतरतात. डॉक्टरांनी हात टेकले, असाच त्याचा अर्थ लावला जातो. त्यांचं तरी काय चुकलं? आपल्याकडे ही चिठ्ठी हाती पडते ती केमोची सगळी सायकल्स संपल्यावर, शेक (रेडिएशन) देऊन झाल्यावर, माणूस खाटेला खिळल्यावर. तोवर दुखण्यापायी त्यानं कित्येक रात्री जागून काढलेल्या असतात. फाईल चाळली तर प्रत्येक स्कॅनचा रिपोर्ट असतो, प्रत्येक केमोआधीचं हिमोग्लोबिन असतं. दुखतं किती, झोप लागते का, घास उतरतो का, याची नोंद मात्र शोधावी लागते.

वेदना, धाप, उलट्या, जखमा, भीती आणि घरातली ओढाताण या सगळ्यांवर काम करणारी पॅलिएटिव्हची ही शाखा उपचारांच्या शेपटाला बांधलेली आहे. ती पहिल्या केसपेपरपासून हवी, असं आता जगभरचे कॅन्सरतज्ज्ञ सांगतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस तर आजार पसरल्याचं निदान झाल्यापासून आठ आठवड्यांच्या आत तिला सामील करून घ्या, अशी आहे. 

हे केवळ माणुसकीपोटी नाही. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जेनिफर टेमेल आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या १५१ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला तेच उपचार आणि पहिल्यापासून पॅलिएटिव्ह टीमच्या भेटी. २०१० साली निकाल छापून आला. दुसऱ्या गटात नैराश्य कमी होतं, अखेरच्या काळातली दमवणारी औषधं कमी होती, आणि तरीही आयुष्य ८.९ महिन्यांच्या जागी ११.६ महिने मिळालं होतं. पुढे २०१७ मध्ये ईथन बाश यांनी न्यूयॉर्कमधल्या ७६६ रुग्णांचा अभ्यास मांडला. रुग्णांनी आपला त्रास कॉम्प्युटरवर कळवायचा, तो वाढला की नर्सला ताबडतोब सूचना जायची. एवढ्यानं आयुष्य २६ महिन्यांवरून ३१.२ महिन्यांवर गेलं. एखाद्या औषधानं हे पाच महिने मिळवून दिले असते, तर त्याची किंमत ऐकूनच आपल्याला घाम फुटला असता.

आपल्याकडचा निकाल इतका गोड नाही, तोही सांगायला हवा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये तोंड-घशाच्या वाढलेल्या कॅन्सरच्या १८० रुग्णांवर असाच प्रयोग झाला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जीवनमानात फरक दिसला नाही, आयुष्यही वाढलं नाही. मला त्याचा अर्थ असा वाटतो, की पॅलिएटिव्हच्या ओपीडीचा नंबर लावणं हा काही ताईत नव्हे. आजार कोणता, माणूस कुठून येतो आणि त्या भेटीत नेमकं काय होतं, यावर सगळं ठरतं.

होतं काय, ते जवळून पाहू. तंबाखू-गुटख्यामुळे होणारा गालाचा कॅन्सर आपल्याकडे नवा नाही. जखम बाहेर फुटली की वास सुटतो. आधी ताट वेगळं होतं, मग खाट पडवीत जाते, मग नातवंडं लांबूनच बघतात. माणूस आजारानं मरायच्या आधी वासानं एकटा पडतो. हा वास जखमेत वाढणाऱ्या जंतूंचा. मेट्रोनिडॅझोलची साधी गोळी, जुलाबावर देतात तीच, बारीक कुटून ड्रेसिंग करताना जखमेवर भुरभुरली की तो आटोक्यात येतो. पॅलिएटिव्हची नर्स घरच्यांना हे करून दाखवते, आणि खाट पुन्हा आत येऊ शकते.

दुसरं उदाहरण शेकाचं. कॅन्सर हाडात उतरला की भयंकर दुखतं, आणि त्यावर रेडिएशन उपयोगी पडतं. ते दहा दिवस थोडंथोडं देता येतं, किंवा ८ ग्रे एवढी मात्रा एकाच बैठकीत देता येते. हाड मोडलेलं नसेल, मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब नसेल, तर दुखणं कमी होण्याच्या दृष्टीनं दोन्ही सारखेच, असं अनेक अभ्यासांतून दिसलंय. एकदाच दिलेला शेक पुन्हा द्यावा लागण्याची शक्यता जास्त, इतकंच. आता नंदुरबार-गडचिरोलीकडून आलेल्या, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळते का बघणाऱ्या माणसाला हा पर्याय कोणी सांगतं का? ‘रुग्णकेंद्री उपचार’ म्हणजे गोड बोलणं, असा एक समज आहे. माझ्या मते तो एस.टी.च्या तिकिटांचा आणि बुडालेल्या रोजंदारीचा हिशोब आहे.

मॉर्फिनची गोष्ट तर आपल्या कारभाराचा नमुनाच. मध्य प्रदेश-राजस्थानात सरकारी परवान्यानं अफू पिकते, तीतून मॉर्फिन निघतं. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं परवान्यांची अशी भिंत उभी केली, की पुढच्या बारा वर्षांत देशातला औषधी मॉर्फिनचा वापर ९७ टक्क्यांनी घटला. पॅलिएटिव्ह सेवेतले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि इतरांच्या चिकाटीमुळे २०१४ मध्ये कायदा बदलला. आता राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता रुग्णालयाला पुरते. कागद सुटला, मनातली गाठ सुटली नाही. ‘मॉर्फिन म्हणजे शेवट’, ‘सवय लागेल’ हे घरचे म्हणतात, आणि काही डॉक्टरही. वास्तविक वेदनेसाठी मोजून, घड्याळ लावून दिलेल्या मॉर्फिनवर माणसं जेवतात, फिरतात, दुकानात बसतात. दुखायची वाट न पाहता दर चार तासांनी गोळी, आणि मध्यरात्री उठावं लागू नये म्हणून झोपताना दुप्पट, ही नेहमीची पद्धत.

सगळ्यात अवघड भाग गोळ्यांचा नाहीच. ‘बाबांना काही सांगू नका हं डॉक्टर, साधी गाठ आहे म्हणून सांगितलंय.’ परळला टाटाच्या पाटीखाली तासन्‌तास बसलेल्या माणसाला आपण साध्या गाठीसाठी आलो आहोत असं वाटत असेल, यावर मुलांचा विश्वास कसा बसतो कोण जाणे. बाबांना माहीत असतं. मुलांना वाईट वाटू नये म्हणून तेही गप्प असतात. मग सातबाऱ्यावर कोणाचं नाव लावायचं, धाकटीच्या लग्नाचं काय, हे बोलायचंच राहतं. मुरलेले डॉक्टर इथे खरं-खोटं यात पडत नाहीत. ते थेट पेशंटला विचारतात, ‘तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती माहिती हवी? तुम्हाला सांगू, की मुलाला?’ ‘मुलालाच सांगा’ हेही उत्तर असू शकतं, पण ते बाबांनी द्यावं.

या कामाची परंपरा आपल्याकडे आहे. अखेरच्या काळातल्या रुग्णांना सांभाळणारं देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालं ते टाटाचेच शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकारानं. गोव्यातही त्याची शाखा आहे. पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७ पासून विनामूल्य सेवा देतं. पॅलिएटिव्ह मेडिसीनची एम.डी. टाटामध्ये २०१२ पासून आहे. केरळनं २००८ मध्ये धोरण करून ही सेवा पंचायतीपर्यंत, घराघरांत नेली. आपली तालुक्याची रुग्णालयं अजून तिथवर पोचायची आहेत.

तोवर घरच्यांना करता येण्याजोगं एक काम आहे. साधी वही घ्या. रोज सकाळ-संध्याकाळ पेशंटला विचारा, शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सोसवत नाही, तर आत्ता किती दुखतंय? आकडा, वेळ, घेतलेली गोळी लिहा. झोप, खाणं, मळमळ, धाप लिहा. पुढच्या ओपीडीला ही वही स्कॅनच्या रिपोर्टाच्या वर ठेवा. आणि शौचाला झाली का, तेही लाजू नका, लिहाच. मॉर्फिननं बद्धकोष्ठता होतेच, त्यामुळे त्यासोबत जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून लागतं, आणि चिठ्ठीवर नेमकं तेच राहून जातं.