पिंजऱ्याचा न्याय

डॉल्फिनला हौदात ठेवून त्याचे खेळ करणारी केंद्रे उभारण्यास केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २०१३ साली मनाई केली, तेव्हा आम्हां शहरवासीयांना केवढे समाधान वाटले! पण उन्हाळ्यात मोहर्लीस गेलो आणि हा प्रश्न तितका सोपा वाटेना. ताडोबाच्या या दाराशी प्रवासी मोकळा वाघ पाहायला येतात. त्याच वाघाच्या वाटेवर गावच्या बाया पहाटे मोहफुले वेचतात. राजुऱ्याकडे अनेक माणसे मारल्याचा ठपका असलेला वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये पकडून नागपूरच्या गोरेवाड्यास धाडावा लागला. डॉल्फिनची कैद निव्वळ करमणुकीसाठी. ही मात्र माणसाच्या जिवासाठी. म्हणून ती मला मान्य आहे. पण अशा बंदिवानाचा तमाशा मात्र कोणी मांडू नये!