लाज वाटते म्हणून कापायचं?

"काकू, तुमच्याशी एक बोलाचं हाये, पन आईले सांगू नका."

आमच्या पातूरचीच मुलगी. वय तेवीस. तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न आहे. मला वाटलं, मुलाबद्दल काही कानावर आलं असेल. पण प्रश्न वेगळाच निघाला. खालच्या जागेचे आतले ओठ बाहेर दिसतात, एक लहान, एक मोठा, म्हणून ती वर्षभर मनात कुढत होती. मोबाईलवर ऑपरेशनची जाहिरात पाहिली आणि ठरवूनच टाकलं. "आजीनं देल्ला गोफ मोडतो, पन करूनच घेतो. त्याईले शक आला तं?"

मैत्रिणींनो, घाईने पान उलटू नका. हा प्रश्न अनेकींच्या मनात असतो. फक्त विचारायला जागा नसते.

या ऑपरेशनला लेबियाप्लास्टी म्हणतात. योनीच्या तोंडाशी असलेले आतले ओठ, म्हणजे लघुभगोष्ठ, त्यात कापून लहान करतात. आता मूळ शंका. हे ओठ किती मोठे असावेत, याचं ठरलेलं माप नाही. २००५ साली लंडनच्या डॉक्टरांनी, दुसऱ्या कारणासाठी दवाखान्यात आलेल्या ५० बायकांची मापं घेतली. रुंदी कुणाची ७ मिलिमीटर, तर कुणाची ५०! दोन्ही बाजू सारख्या नसणं, रंग काळसर असणं हेही नेहमीचंच. वयात येताना आणि गरोदरपणात हार्मोन्समुळे त्यात बदल होतो. त्यावरून मुलीचं चारित्र्य कळतं, ही समजूत निव्वळ खोटी.

हे ओठ फालतूही नाहीत. ते योनीचं आणि लघवीच्या वाटेचं रक्षण करतात. तिथे संवेदनाही फार असते. ऑपरेशननंतर रक्तस्राव, जंतुसंसर्ग, टाके उसवणं, व्रण दुखणं, संवेदना कमी होणं हे धोके असतात. सूज उतरायला काही आठवडे लागतात, संबंध साधारण सहा आठवडे टाळावे लागतात. आणि कापलेलं परत जोडता येत नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्येच बजावलं, की केवळ दिसण्यासाठी केलेल्या अशा शस्त्रक्रियांची सुरक्षितता सिद्ध झालेली नाही.

मग कुणीच करू नये का? तसंही नाही. चालताना, सायकलवर किंवा संबंधांच्या वेळी सतत घासलं जातं, चिमटतं, जखमा होतात, अशा बाईला त्याचा खरंच उपयोग होऊ शकतो. पण आधी सैल सुती कपडे, साबण बंद, खाज असेल तर तिचा इलाज, एवढं करून पाहावं. आणि नवी गाठ, जखम, पांढरे चट्टे दिसले, तर थांबू नये. तो दिसण्याचा प्रश्न नाही, आजाराचा आहे.

इथे मला गडचिरोली आठवते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली ती 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग निघाले. पण त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या जेमतेम ८. लाजेपायी आजार अंगावर काढायचा, आणि त्याच लाजेपायी निरोगी अंग कापून घ्यायचं! दोन्हीकडे नुकसान आपलंच.

दवाखान्यात गेलात तर एवढं विचाराच:

* मला काही आजार आहे का?
* ऑपरेशन न करता काय करता येईल?
* अशी किती ऑपरेशनं तुम्ही केलीत?
* काही बिघडलं तर पुढचा खर्च कुणाचा?

उत्तर देण्याऐवजी कुणी "लग्नाआधी उरकून घ्या" म्हणालं, तर सरळ उठून या.

त्या मुलीला मी एवढंच म्हटलं, "बाई, लग्नाचा मुहूर्त निघाला म्हणून ऑपरेशनचाही काढायचा नसतो. आधी तपासून घे." पुढच्या सोमवारी आम्ही दोघी एसटीने अकोल्याला गेलो. लेडी डॉक्टरांनी नीट तपासलं, आरसा हातात देऊन एकेक भाग समजावून सांगितला. सगळं ठीक होतं. घट्ट जीन्समुळे थोडी आग होत होती, तेवढीच.

परतीच्या गाडीत ती बराच वेळ गप्प होती. पातूर जवळ आल्यावर म्हणाली, "काकू, कोनी आधीच सांगतलं असतं तं?"

तिच्या आईला मी काही सांगितलं नाही. पण आयांनो, तुम्ही आपल्या लेकींना सांगाल ना?